तंबोरा ऐकू आला पाहिजे

मैफलीचं रेकॉर्डिंग जमलंय की नाही हे मी गायकाच्या आवाजावरून ठरवत नाही. गायकाचा आवाज कुठल्याही मोबाईलवर कळण्याइतपत येतोच. मी तंबोरा ऐकते. गायक समेवर येऊन जरा थांबलाय, पेटी गप्प झालीय, तबल्यावर नुसता ठेका चाललाय, तेवढ्या फटीत तंबोरा हॉलमध्ये होता तसाच, तेवढाच ऐकू आला तर रेकॉर्डिंग चांगलं. तो एकदम अंगावर आला किंवा पार नाहीसा झाला, तर मग बाकी कितीही स्वच्छ असो, ती मैफल नाही.

मिरजेत वाढलेल्या माणसाचा कान तंबोऱ्याकडे आधी जातो. सतारमेकर गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी कुठल्या तरी दुकानात कुणी जवारी, म्हणजे तारेतून उमटणारा तो गुंजता झणकार, लावत बसलेलं असतं. घोडीवरून थोडं घासायचं, तारेखाली सूत सरकवायचं, तार छेडायची, पुन्हा घासायचं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आम्हा सगळ्यांनाच झाला. जी जवारी उघडायला कारागीर दिवस घालवतो, ती रेकॉर्डिंगमध्ये पुसली जाते तेव्हा मला फार लागतं.

माझी नोकरी सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायची. गाणं शाळेपासून शिकले, गायिका झाले नाही. पण संध्याकाळी कुठे बैठक असली की फोन आणि माझी छोटी पिशवी घेऊन मी तिथे असते. याला कारण आमच्या बाई. ज्यांच्याकडे मी गाणं शिकले त्या बाईंना आता गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही. सांगली-मिरजेतली एकही चांगली मैफल न चुकवणारी ही बाई आता घरात बसून विचारते, "काल काय गायले गं?" नुसत्या रागाच्या नावाने त्यांचं काय भागणार?

एकदा त्यांच्या एका विद्यार्थ्याने पहिल्या रांगेत बसून फोनवर केलेलं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवलं. मी शेजारी बसले होते. बाईंनी फोन मांडीवर ठेवला, डोळे मिटले. चारेक मिनिटं ऐकलं असेल. मग म्हणाल्या, "हा तंबोरा मध्येच अंगावर का येतो? गायक थांबला की मोठा, गायला लागला की लांब. आणि डग्ग्यावर थाप पडली की गायकाचा आवाज कुणी दाबल्यासारखा होतो बघ." त्यांना फोनचं तंत्र काही ठाऊक नाही. पण फोनच्या आत जे चालतं ते त्यांनी कानाने जसंच्या तसं सांगितलं होतं.

फोनचा माईक बोलण्यासाठी केलेला असतो. बोलणारा कुजबुजला तरी ऐकू यावं, ओरडला तरी आवाज फाटू नये, म्हणून फोन आपणहून आवाज वरखाली करत राहतो. मोठं काही आलं की तो सगळंच खाली ओढतो, शांतता झाली की सगळंच वर उचलतो. फोनवर गप्पा मारताना ही मोठी सोय आहे. ख्यालात ती आपत्ती होते, कारण ख्यालात शांतता रिकामी नसते, तिथे तंबोरा असतो. दुसरं, सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गाडीची घरघर, असं फोनने धरून चाललेलं असतं आणि तो आवाज कापायला तो टपलेलाच असतो. तंबोऱ्याएवढा सतत आणि एकसारखा आवाज मैफलीत दुसरा कुठला? तेव्हा फोन त्याच्यावरच कात्री चालवतो. तिसरी गोष्ट खर्जाची. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची, सगळ्यात खालची तार साधारण 69 हर्ट्‌झवर बोलते. बोलणं स्पष्ट यावं म्हणून खालचे आवाज गाळले जातात, त्यात ही तार जाते आणि डग्ग्याची गोलाईही जाते. मागे राहते ती टकटक.

म्हणून फोन टाकून द्यायचा असं मात्र नाही. हातातल्या फोनमध्ये जागा आहे, बॅटरी आहे, लेव्हल दाखवणारा पडदा आहे. त्याला फक्त चांगले कान द्यायचे आणि त्याच्या मधल्या लुडबुडीला आवर घालायचा.

आता माझ्या पिशवीत काय असतं ते सांगते, कारण पुष्कळ जण विचारतात. कॉलरला लावतात तसे दोन छोटे माईक, चारी बाजूंचा आवाज घेणारे, एकाच जातीचे. एका लाकडी पट्टीच्या दोन टोकांना ते बसवलेत, मध्ये सुमारे दीड वीत अंतर. ही पट्टी तुणाच्या लाकडाची आहे, तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेला तुकडा. गल्लीतल्या एका ओळखीच्या कारागिराने तो रंधा मारून, दोन्हीकडे भोकं पाडून दिला आणि पैसे घेतले नाहीत. पट्टी हलक्या स्टँडवर बसते. माईकच्या वायरी एका छोट्या डबीत जातात, डबीतून टाइप-सी केबल फोनमध्ये. बाकी इअरफोन, वारा अडवायला माईकवर चढवायच्या केसाळ टोप्या आणि चिकटपट्टी.

ही डबी घेताना नीट बघून घ्या, लोकांचे पैसे वाया जातात ते इथेच. बाजारात हेडफोनसाठी जी स्वस्त टाइप-सी पिन मिळते तिच्यातून बहुतेक वेळा एकच माईक आत जातो, म्हणजे डावं-उजवं राहत नाही. माईकच्या पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा असतील तर ती फोनच्या हेडसेटची पिन, दोन असतील तर कॅमेऱ्याची किंवा रेकॉर्डरची. दोन रेघांची पिन फोनच्या हेडसेटच्या भोकात घातली तर फोनला माईक दिसतच नाही. आपल्याला डबी हवी ती दोन चॅनेलचा माईक आत घेणारी आणि माईकला लागणारी थोडी वीज स्वतः पुरवणारी. स्टेजवरच्या मोठ्या कंडेन्सर माईकना 48 व्होल्ट लागतात, ते वेगळं प्रकरण. कॉलरच्या माईकना दोन-पाच व्होल्ट पुरतात. हे जुळवायचं नसेल तर सरळ टाइप-सीला लागणारा स्टिरिओ माईक घ्यावा. आयफोनवाल्यांनी आपलं भोक कुठलं ते पाहावं. 2023 च्या आयफोन 15 पासून टाइप-सी आहे, त्याआधीच्यांना लाइटनिंग.

एवढं सगळं लावूनही फोन कधीकधी आपलाच माईक वापरत राहतो आणि पडद्यावर काही कळत नाही. म्हणून सुरू करण्याआधी बाहेरच्या माईकवर नखाने हलकी टिचकी मारायची, मग फोनच्या बुडाशी मारायची. लेव्हलचा काटा कुठल्या टिचकीला उडतो ते बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे, ते कधी टाळायचं नाही.

ॲप असं हवं की ज्यात आपोआप होणारं वरखाली बंद करता येतं. अँड्रॉइड 7 पासून फोनकडून आवाज काही संस्कार न करता मागून घेण्याची सोय ॲपना मिळाली, पण ती प्रत्येक फोन पाळतोच असं नाही, म्हणून घरी तंबोरा लावून ऐकून बघावं. खरा नसेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालेल. तो चालू ठेवायचा, मध्येच जोरात टाळी वाजवायची आणि रेकॉर्डिंगमध्ये टाळीनंतर तंबोरा खाली बसतो का ते ऐकायचं. बसला तर वरखाली अजून चालू आहे. फाईल वेव्हमध्ये, 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झ. तासाला साधारण एक जीबी जागा जाते, ती जाऊ द्यावी. फोन विमान मोडवर, कारण विलंबितातल्या आलापात धैवतावर गायक ठेहरलाय आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून रेकॉर्डिंग थांबलं, यासारखं दुःख नाही. बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप बंद करण्याची फोनला सवय असते, त्यातून हे ॲप वगळायचं. आणि भोक माईकने अडलेलं असल्यामुळे मध्ये चार्जिंग करता येत नाही, तेव्हा घरून शंभर टक्के.

हे सगळं एका संध्याकाळी शिकून होतं. माईक कुठे ठेवायचा हे मात्र मी अजून शिकतेच आहे, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

घरातली बैठक असली, लाऊडस्पीकर नसला, तर माझ्यासारखी भाग्यवान मीच. गायकापासून दोन-अडीच हातांवर पट्टी ठेवली की आवाज भरदार येतो, पण श्वास, ओठांचा आवाज, पेटीच्या भात्याची धाप हेही सगळं येतं आणि तंबोरे मागे राहतात. फार लांब गेलं तर भिंती बोलायला लागतात. बहुतेक वेळा चार-पाच हात हे अंतर मला बरं पडतं. पण उंची त्याहून महत्त्वाची. गायक खाली बसलेला, तंबोरे त्याच्या मागे. माईक गायकाच्या तोंडासमोर ठेवला तर तंबोऱ्याचा आवाज त्याच्या अंगाआड जातो. स्टँड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर घेतला की तंबोरे खांद्यावरून मोकळे येतात, आणि तबल्याच्या चाटीचा, म्हणजे काठावरच्या बोलांचा, तिखटपणाही थोडा मवाळ होतो. तबला भारी होतोय असं इअरफोनमध्ये वाटलं तर मी गेनला, म्हणजे माईकचा आवाज किती उचलायचा त्या बटणाला, हात लावत नाही, अख्खा स्टँड वीतभर पेटीच्या बाजूला सरकवते. गेनने सगळंच कमी-जास्त होतं. स्टँड सरकवला की आतलं प्रमाण बदलतं.

लेव्हल लावायची ती तंबोरे जुळवताना नाही आणि हातोडीने तबला मिळवतानाही नाही. हातोडीचे ठोके फसवतात. पहिल्या दोन-तीन आलापांत वरचे टोक उणे 18 डेसिबलच्या आसपास ठेवते. बघणाऱ्याला वाटतं, काटा अर्ध्यावरच नाचतोय. नाचू दे. द्रुतात तराणा सुरू होईल, तबलजी मोकळा सुटेल, तेव्हा हाच काटा वर जाणार आहे. 24 बिटमध्ये कमी आवाजात घेतलेलं घरी उचलता येतं, पण तान जिथे फाटली ती फाटलीच. एकदा लावली की मैफलभर लेव्हल बदलायची नाही. विलंबितापासून द्रुतापर्यंत गायकाने जो चढ बांधला तो आपण मध्येच सपाट का करावा?

लाऊडस्पीकर असलेल्या ठिकाणी वेगळा विचार लागतो. उरुसात मिरजेच्या दर्ग्यात, चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं तेव्हा आजूबाजूला सगळा उरूस चाललेला असतो. पाळणे, भोंगे, फुगेवाले, जंक्शनच्या बाजूने रेल्वेची शिट्टी. तिथे वारा हा मोठा शत्रू. केसाळ टोपी नसेल तर नुसत्या झुळकीने रेकॉर्डिंगमध्ये धडधड होते, आणि ती नंतर काढता येत नाही. उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे आवाज घुमत नाही हा फायदा. पण गायकाचा मूळ आवाज आणि लांबच्या स्पीकरचा आवाज असे दोन्ही एका माईकवर आले की गडबड होते. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे आपल्यापासून स्टेजपेक्षा दहा मीटर लांब असलेल्या स्पीकरचा आवाज तीस मिलिसेकंद मागून येतो आणि प्रत्येक अक्षराला शेपूट लागतं. तेव्हा एक तर स्टेजला अगदी खेटून बसावं, नाही तर मूळ आवाज पोचतच नाही इतकं मागे, दोन्ही स्पीकरांच्या मध्यावर. मधली जागा वाईट.

"सरळ मिक्सरमधून वायर घे की," असं साऊंडवाले दादा आपुलकीने म्हणतात. घेतेही कधीकधी, पण मिक्सरचा आवाज माईकपेक्षा कितीतरी ताकदीने येतो, डबीत लाईनची सोय असल्याशिवाय तो लावायचा नाही. आणि त्यात मैफल येत नाही. गायकाच्या तोंडाजवळचा माईक, तबल्याचा माईक, बस्स. समेवर आलेली दाद त्यात नाही. मिरज-सांगलीचा जुना श्रोता दाद कुठे देतो हेही ऐकण्यासारखं असतं. बाई तर म्हणतात, पुढच्या रांगेतून कोण 'क्या बात है' म्हणालं ते त्यांना आवाजावरून ओळखू येतं.

त्याच दर्ग्याच्या आवारात किराना घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे. 1937 साली ते गेले. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः तबकड्यांवरून, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. 1925 च्या सुमाराला ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला, त्याआधी तर भोंग्यासमोर गावं लागायचं. तीन मिनिटांत राग उभा करणाऱ्या त्या लोकांपुढे मी हात जोडते. पण ज्या गायकाच्या सुरेलपणाची एवढी ख्याती, त्याचा एकेक स्वर तंबोऱ्यात सावकाश कसा विरघळत असेल, हे तीन मिनिटांत कसं कळणार? आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात पाच-सहा तास सलग रेकॉर्ड करू शकणारं यंत्र आहे. आणि आपण त्यात दीड मिनिटाचा व्हिडिओ काढतो, तोही हात उंच धरून, मागच्याचं दिसणं बंद करून.

परवानगीबद्दल मी हट्टी आहे. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 38 प्रमाणे कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो, 50 वर्षं. कलम 39 मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी, संशोधनासाठी रेकॉर्ड करायला मुभा आहे. म्हणजे बाईंना ऐकवायला मी घेतलं तर कायदा माझ्यामागे लागणार नाही. तरी मी विचारते. गायक ग्रीनरूममध्ये असताना नाही, तेव्हा तो आपल्या सुरात असतो. आयोजकांमार्फत आदल्या दिवशी निरोप देते आणि मैफल संपल्यावर समोर जाऊन पुन्हा विचारते, "ठेवू का?" मागे एका तरुण गायिकेने सांगितलं, "ताई, पूरिया ठेवा, त्यानंतरचं पुसा. सर्दीने आवाज बसत चालला होता." मला त्या नंतरच्या ठुमरीतली एक जागा फार आवडली होती. पुसली. तिच्यासमोर पुसली. गळा तिचा आहे.

पहिली प्रत कायम कलाकाराला. तरुण मुलांना याचा किती उपयोग होतो ते मी पाहिलंय. तबला वाजवणारा एक मुलगा आपली साथ ऐकून म्हणाला, विलंबितात तो प्रत्येक आवर्तनात किंचित पुढे सरकतोय हे त्याला वाजवताना कधी जाणवलंच नव्हतं. साध्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्येही लय कळते, मान्य. पण डग्ग्याची घसीट कशी पडली, चाट स्वच्छ होती की बोट अडकलं, हे कळायला चांगलेच माईक लागतात.

तासगाव, कवठेमहांकाळकडच्या भजनी मंडळांसाठीही हेच सामान मी नेते, पण तिथे वेगळी मांडणी. टाळ. दहा-बारा जोड टाळ एका वेळी वाजले की त्यांचं टोक काट्यावर दिसतं त्याहून जास्त तीक्ष्ण असतं. म्हणून लेव्हल आणखी खाली आणि माईक टाळकऱ्यांपासून दूर, पखवाजाच्या बाजूला. देवळाच्या दगडी मंडपात आवाज घुमतो म्हणून जवळ जावं लागतं, जवळ गेलं की टाळ कान फोडतात. यावर माझ्याकडे अजून समाधानकारक तोड नाही. कुणाला सापडली असेल तर मला खरंच हवी आहे. ही मंडळं नाटकी भजन करत नाहीत, पहाटेपर्यंत गातात, आणि जुन्या चाली येणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. ख्यालगायकांचं कुणी ना कुणी रेकॉर्ड करतंच. यांचं कोण करणार?

फाईल घरी आली की त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवते. नाव लिहिताना तारीख, जागा, गायक, साथीदार, राग, ताल, एवढं सगळं. तंबोऱ्यावर कोण होतं तेही लिहिते, त्यांची नावं पत्रिकेवरसुद्धा नसतात. रेकॉर्डिंग सुरू होताना हळूच माईकजवळ हेच बोलूनही ठेवते, फाईलचं नाव कुणी बदललं तरी आतलं बदलत नाही. पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नये, त्यात आवाज आवळला जातो आणि एवढी खटपट वाया जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून जोडली की फाईल आहे तशी जाते. मोठी असेल तर मी पेनड्राईव्हच नेऊन देते.

बाईंकडे आता फोनला छोटे स्पीकर जोडून दिलेत. मागच्या नवरात्रात अंबाबाईच्या देवळातल्या संगीत महोत्सवातली एक सभा त्यांना दुसऱ्याच दिवशी ऐकवली. विलंबित संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डावीकडच्या तंबोऱ्याचा पंचम जरा उतरलाय. कुणी सांगितलं नाही का त्यांना?"

पंचम खरोखरच उतरला होता. पुन्हा लावून ऐकला तेव्हा मलाही कळला.

दिवाळीनंतर घरगुती बैठका सुरू होतील. सांगली-मिरजेत ज्यांच्या घरी गाणं ठरेल त्यांना माझी एवढीच विनंती. खोलीत सतरंज्या जास्त घाला, भिंतीला एखादी गोधडी टांगा, फ्रीज तेवढ्या वेळापुरता बंद ठेवा आणि खडखडणारा पंखा असेल तर आदल्या दिवशी तेल घाला. पाहुणे येण्याआधी अर्धा तास मला आत घ्या, स्टँड उभा करायला.